पर्जन्यमान आणि वनस्पतींची उत्पादकता : सह्याद्रीच्या संदर्भात

पाऊस उत्तम झाला की यंदा वनौषधी मुबलक मिळणार, असा समज आपल्या व्यवसायात सर्वत्र रूढ आहे. तो पूर्णतः चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. वनस्पतिशास्त्रात ‘उत्पादकता’ म्हणजे वनस्पतीने सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने वर्षभरात निर्माण केलेले पान, काष्ठ, मूळ, फूल व फळ यांचे एकूण वस्तुमान. श्वसनात खर्च झालेला भाग त्यातून वजा केलेला असतो. या वस्तुमानाचा पावसाशी असलेला संबंध वाटतो तितका सरळ नाही.

उष्ण कटिबंधातील अरण्यांच्या अभ्यासावरून असे दिसते की, वार्षिक पाऊस साधारणतः दोन ते अडीच हजार मिलिमीटर होईपर्यंत उत्पादकता वाढत जाते. त्यापुढे ही वाढ मंदावते आणि विशेषतः थंड, डोंगराळ प्रदेशात ती उतरणीस लागते. हवाई द्वीपसमूहातील माउई बेटावर २२०० पासून ५००० मिलिमीटरपर्यंतच्या पर्जन्यप्रदेशांची तुलना करण्यात आली, तेव्हा पाऊस अधिक तेथे वृक्षांची वाढ कमी असल्याचे आढळले. सतत भिजलेल्या मृत्तिकेत मुळांना प्राणवायू मिळत नाही, पालापाचोळा कुजण्याची क्रिया मंदावते आणि त्यातील पोषकद्रव्ये मुळांना वेळेवर उपलब्ध होत नाहीत. दुसरे कारण मेघांचे. पनामा देशात संशोधकांनी अरण्यातील काही वृक्षांच्या शेंड्यांवर प्रखर दिवे बसवून पावसाळ्यातील प्रकाशाची उणीव भरून काढली. तसे करताच त्या वृक्षांची वाढ वाढली. पाणी विपुल असताना उणीव होती ती उन्हाची!

आता आपल्या सह्याद्रीकडे वळू. महाबळेश्वरास वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाचगणीस त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, तर घाट उतरून वाईस आले की तो जेमतेम सातशे-आठशेवर येतो. केवळ पाऊस पाहिला तर महाबळेश्वरी गगनचुंबी वृक्ष असावयास हवेत. प्रत्यक्षात तेथील अंजनी, जांभूळ, पिसा यांचे सदाहरित वन बुटके आहे. जांभ्यावरील मातीचा थर पातळ, वारा जोराचा आणि मुख्य म्हणजे हा सारा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो. पुढे सात-आठ महिने कोरडे. दक्षिणेस अगस्त्यमलैच्या परिसरात कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचाच असतो, म्हणून तेथील अरण्य उंच व समृद्ध आहे. वृक्षाच्या दृष्टीने पावसाच्या बेरजेपेक्षा त्याची विभागणी महत्त्वाची असते. कोरड्या महिन्यांत पाणी वाचविण्यासाठी पर्णरंध्रे मिटतात, रंध्रे मिटली की कर्बवायू आत येत नाही आणि अन्ननिर्मिती मंदावते. पानझडी वृक्ष त्या काळात पानेच टाकून देतात.

औषधी अवयवांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वर्षभराची एकूण वाढ उत्तम असूनही नेमके हवे ते अंग हाती न लागणे सहज शक्य असते. हिरड्यास चैत्र-वैशाखात मोहोर येतो. त्या दिवसांत वळीव किंवा गारपीट झाली तर मोहोर झडतो. पुढे कितीही उत्तम पाऊस झाला तरी गेलेले फळ परत येत नाही. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळाने जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील हिरड्याची हानी केली, तेव्हा बाळहिरड्यावर वर्षाचा खर्च भागविणाऱ्या आदिवासी कुटुंबांना त्याची झळ पोहोचली.

आपल्या संहितांनी हा विचार निराळ्या परिभाषेत केलेला आहे. चरकाचार्यांनी कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण असे देशाचे तीन भेद सांगून औषधे साधारण अथवा जांगल देशातील, योग्य काळी शीत, ऊन, वारा व जल लाभलेली घ्यावीत, असे म्हटले आहे. आनूप देशात हिरवाई सर्वाधिक, तरीही त्याची शिफारस नाही, ही बाब विचारार्ह आहे. वनस्पती पुष्कळ वाढली म्हणजे ती वीर्यवान झाली, असे शास्त्रकारांनी मानलेले नाही. आधुनिक अभ्यासातही पाण्याचा मर्यादित ताण पडलेल्या काही वनस्पतींत विशिष्ट कार्यकारी घटकांचे प्रमाण वाढल्याचे आढळते. सर्वच वनस्पतींना हा नियम लावता येणार नाही, हे मात्र स्पष्ट केले पाहिजे. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात तर भूमी विरस होण्यापूर्वीच औषधे काढून ठेवावीत, असे आत्रेय अग्निवेशास सांगतात.

असे असता आपण द्रव्य खरेदी करतो कसे? पावतीवर द्रव्याचे नाव, वजन व दर असतो. ते कोणत्या प्रदेशातील, कोणत्या महिन्यात काढलेले, त्या वर्षी तेथे पाऊस केव्हा आला व केव्हा थांबला, याची नोंद क्वचितच आढळते. वाईच्या कोरड्या माळावरील आणि महाबळेश्वरच्या धुक्यातील द्रव्य एकाच पोत्यात आले, तर अनुभवी वैद्यासही ते ओळखणे कठीण. निदान संग्रहस्थान व संग्रहमास एवढ्या दोन गोष्टी पुरवठादाराकडून लिहून घेण्यास आपल्या प्रत्येकाला आजपासून प्रारंभ करता येईल.