टाकी नको, हवा मोजा

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या हत्यारांच्या दुकानात उभं राहून कॉम्प्रेसर मागितला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती लिटरचा देऊ, साहेब?" गिऱ्हाईकही मनात हिशेब मांडतं. २५ लिटरचा एवढ्याला, ५० लिटरचा थोड्या जास्त पैशांत, मग मोठाच घेतलेला बरा. पाण्याची टाकी घेताना हा विचार बरोबर आहे. कॉम्प्रेसरच्या बाबतीत मात्र इथेच पैसे वाया जायला सुरुवात होते. टाकी हवा साठवते, तयार करत नाही. हवा तयार करतो तो तिच्या डोक्यावर बसलेला पंप. तो मिनिटाला किती हवा देतो, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही.

घरात फर्निचरचं काम काढलेल्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेलं असतं. सुतार पहिल्याच दिवशी एक छोटा कॉम्प्रेसर आणून दाराच्या मागे ठेवतो आणि त्याच्या नळीला 'एफ-३०' गन जोडतो. ३० मिलिमीटरपर्यंतचे बारीक खिळे प्लायमध्ये ठक् ठक् जातात, वर फक्त टिंब दिसतं. हातोडीने ज्या पट्टीला अर्धा तास लागला असता, ती पाच मिनिटांत बसते. ते पाहून अनेकांना वाटतं की असं एक यंत्र आपल्याकडेही असावं. खिडक्यांच्या जाळ्यांतली धूळ उडेल, गाडीत हवा भरता येईल, जुन्या कपाटाला रंग मारता येईल. वाटण्यात काही चूक नाही. पण या चार कामांची हवेची भूक इतकी वेगवेगळी आहे की एकाच मापाने चारही मोजली, तर निवड फसते.

मापं दोन आहेत. एक दाब. तो पीएसआय किंवा बारमध्ये लिहिलेला असतो, गॅरेजवाले त्याला 'किलो' म्हणतात. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, आणि किलो जवळपास तेवढाच. बाजारातला कुठलाही छोटा कॉम्प्रेसर आठ बारपर्यंत जातो. खिळ्यांची गन पाच ते सात बारवर चालते, रंगाची गन दोन-तीन बारवर, गाडीच्या चाकाला तर ३०-३५ पीएसआय पुरतात. थोडक्यात, दाब सगळ्यांकडेच आहे, त्यावरून यंत्र निवडायचं नाही. दुसरं माप सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. एक घनफूट म्हणजे २८ लिटर. खरी निवड या मापावर होते आणि खोक्यावर सर्वात जास्त फसवणूकही इथेच असते. तिथे मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला असतो. दाबाखाली नळीतून प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याहून बरीच कमी, पुष्कळदा दोन तृतीयांशच असते.

आता भूक बघू. बारीक खिळा मारणाऱ्या गनला एका खिळ्यामागे लिटर-दीड लिटर हवा लागते. २५ लिटरच्या टाकीत आठ बारवरून सहा बारवर दाब उतरेपर्यंत ५० लिटर हवा मिळते, म्हणजे मोटर सुरू होण्याआधीच तीस-चाळीस खिळे मारून होतात. सुतारकामाला एवढं भरपूर झालं. रंगाच्या गनची गोष्ट वेगळी. लहानशी गनसुद्धा मिनिटाला चार घनफूट, म्हणजे ११० लिटरच्या वर हवा खाते. मोठ्या गनला दहा घनफूटही लागतात. आणि घरगुती पंप देतो सत्तरेक लिटर. टाकी भरलेली असली तरी दोनेक मिनिटांत दाब इतका उतरतो की रंगाचा फवारा फाटतो, थेंब पडू लागतात, आणि कपाटाचं दार अर्धं रंगवून तुम्हाला थांबावं लागतं. ५० लिटरची टाकी घेतली असती, तर हेच चार मिनिटांनी झालं असतं. शिवाय ती भरायलाही दुप्पट वेळ लागला असता.

हवेची अगदी थोडी भूक कशी असते, हे पेणच्या गणपती कारखान्यांत पाहावं. मूर्तीच्या अंगाचा रंग आणि शेला-पितांबराच्या छटा कारागीर लहान गनने मारतात. डोळ्यांची आखणी मात्र हाताने, ब्रशनेच. पेनाएवढ्या एअरब्रशला मिनिटाला अर्धा घनफूटसुद्धा पुरतो. घरी कुणी मूर्तिकाम किंवा मॉडेलं रंगवत असेल, तर त्याला सर्वात लहान यंत्रही जास्तच आहे.

खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर खरा आकडा कुठून आणायचा? तो दुकानातच काढता येतो. यंत्र चालू करायला सांगा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच हातात घ्या. काटा चार बारवर आला की सुरू करा, सहा बारवर आला की थांबवा. या दोन बारमध्ये २५ लिटरच्या टाकीत ५० लिटर हवा गेली. त्याला ४५ सेकंद लागले असतील, तर पंप मिनिटाला साधारण ६७ लिटर, म्हणजे २.४ घनफूट हवा देतो. हीच त्या यंत्राची खरी ताकद. दोन कंपन्यांची यंत्रं शेजारी ठेवून हा एवढा एक प्रयोग केलात, तरी माहितीपत्रकं वाचायची गरज उरत नाही. करून दाखवायला जो दुकानदार तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नये.

हॉर्सपॉवरचंही तसंच. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. पाटीवर एकीकडे 'दोन एचपी' आणि दुसरीकडे '११०० वॉट' लिहिलेलं असेल, तर दोनपैकी एक आकडा खोटा आहे, आणि तो कुठला हे सांगायला नको. खऱ्या दोन एचपीच्या मोटरला चालताना नऊ-एक अँपिअर लागतात आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. म्हणून पंख्या-दिव्याच्या सहा अँपिअरच्या प्लगवर ती लावायचीच नाही. गिझरचा किंवा एसीचा पॉवर प्लग हवा. प्लग लांब असेल तर आपण वायरची एक्स्टेन्शन ओढतो. बारीक, लांब वायरमध्ये व्होल्टेज पडतं, मोटर कण्हत राहते आणि तापून जळते. वायर आखूड ठेवा आणि हवेची नळी लांब घ्या. दहा मीटर नळी ही दहा मीटर वायरपेक्षा कधीही परवडते. मोटरचं वाइंडिंग तांब्याचं आहे की ॲल्युमिनियमचं, हे विचारून घ्या आणि बिलावर लिहून घ्या.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी मी आवाजाला पैशांइतकंच महत्त्व देईन. साधा स्वस्त कॉम्प्रेसर ८५-९० डेसिबलपर्यंत गरजतो. 'सायलेंट' म्हणून विकले जाणारे ऑइल-फ्री ६५-७० च्या आसपास असतात. आकड्यांत फरक वीसचा दिसतो, पण दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो, म्हणजे हा फरक चौपटीचा झाला. दुपारी दोन ते चार शांतता पाळणाऱ्या सोसायटीत हा प्रश्न यंत्र घेण्याआधीच सोडवावा. ऑइल-फ्रीमध्ये तेल बदलायची कटकट नाही, हवेत तेलाचा अंशही येत नाही. तेलाचा एक कण रंगात गेला तरी पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. उलट तेलाचा, पट्ट्यावर चालणारा पंप थंड चालतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याकडे त्याची दुरुस्तीही सहज होते. १९५८ साली पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक आणि १९६० साली कोइमतूरमध्ये एल्गी सुरू झाली, तेव्हापासून हे यंत्र आपल्या कारखान्यांत आणि गॅरेजांत रुळलेलं आहे, आणि त्याचे व्हॉल्व्ह, वॉशर ओळखणारा माणूस तालुक्याच्या गावीही भेटतो. रोज काम असेल तर तेलाचा घ्या. महिन्यातून दोन रविवार काम असेल तर ऑइल-फ्री.

आता पाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण घरगुती कॉम्प्रेसर मरतात ते बहुधा पाण्याने. कोकणातल्या ऑगस्टची हवा घ्या: ३० अंश तापमान, ८० टक्के आर्द्रता. अशा एक घनमीटर हवेत २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. आठ बारला भरलेल्या २५ लिटरच्या टाकीत सव्वादोनशे लिटर हवा कोंबलेली असते. दाबलेली हवा थंड झाली की तिला ती वाफ धरून ठेवता येत नाही. एकदा टाकी भरली की पाचेक ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा पाणी तळाशी जमतं. दिवसभरात टाकी दहा वेळा भरली, तर अर्धा कप. ते आतून पत्रा खात राहतं. काम संपलं की टाकीच्या खालचा कॉक उघडून पाणी काढायचं, हे काम उद्यावर टाकू नका. नळीवर एक छोटा पाण्याचा फिल्टर लावला, तर रंगातही पाणी उतरत नाही.

टाकीवर एक पितळी व्हॉल्व्ह असतो, त्याला कडी असते. महिन्यातून एकदा ती ओढून हवा सुटते ना, ते बघा. प्रेशर स्विच बिघडला आणि मोटर थांबलीच नाही, तर टाकी फुटण्याआधी तोच हवा सोडतो. हवेसाठी पाण्याचा पीव्हीसी पाइप कधीही वापरू नका, तो फुटतो तेव्हा तुकडे गोळीसारखे उडतात. आणि कपडे झटकायला म्हणूनसुद्धा नळी अंगाकडे नेऊ नका. कामाच्या ठिकाणी चेष्टेत शरीरात हवा सोडली आणि जीव गेला, अशा बातम्या आपल्याकडे एकदा नव्हे, अनेकदा आल्या आहेत. घरात मुलं असतील तर काम झाल्यावर टाकी रिकामी करून ठेवा.

मग घ्यायचा कुठला? फक्त गाडीत हवा भरायची असेल तर कॉम्प्रेसर घेऊच नका, गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारा दीड-दोन हजारांचा पंप पुरतो. भिंतींना रंग द्यायचा असेल तरी नको, रोलरच बरा. खिळे, साफसफाई, चाकं आणि अधूनमधून एखादं स्टूल रंगवणं एवढं काम असेल, तर तांब्याच्या वाइंडिंगचा, एक ते दीड एचपीचा, २४-२५ लिटरचा ऑइल-फ्री. सात ते बारा हजारांच्या दरम्यान चांगला मिळतो. सगळी दारं, कपाटं रंगवायची असतील, तर दोन दिवस मोठा कॉम्प्रेसर भाड्याने आणा किंवा पॉलिशवाल्यालाच बोलवा. वर्षातून एकदा लागणाऱ्या हवेसाठी घरात जागा अडवू नये.

जुना घ्यायचा असेल तर मोटरचा आवाज नंतर ऐका. आधी टाकी आडवी-उभी करून तळ बघा. कुठे वेल्डिंगचं ठिगळ असेल तर हात लावू नका. नसेल तर खालचा कॉक उघडा आणि पांढऱ्या कागदावर पाणी घ्या. पाणी तांबडं आलं, तर कितीही स्वस्त असला तरी तो घेऊ नका.