तीनशेपैकी दोनशे दहा

पहाटे ५.३०

मे महिन्यात जळगावात डोकं चालवायचं तर पहाटेच. अकरानंतर झळा खोलीत शिरतात, दुपारी पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि जुन्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन एकदम चालवली की तो तापून मंदावतो. म्हणून शनिवारची आमची तुकडी या वेळेला बसते. आठवडाभर मी एका संस्थेचे सर्व्हर सांभाळते. शनिवारी सकाळी जळगावला आणि संध्याकाळी धुळ्याला लिनक्सच्या परीक्षांची तयारी करून घेते. सकाळी तिघं असतात: यावलकडची एक मुलगी, जिच्या घरी केळीचा बाग आहे, नुकतंच पॉलिटेक्निक संपवलेला एक मुलगा, आणि डाळ मिलमध्ये हिशेब लिहिणारा एक जण. तिघांनाही आरएचसीएसए द्यायची आहे, रेड हॅटची पहिल्या पायरीची परीक्षा.

पहिला अर्धा तास कुणी बोलायचं नाही. तिघांच्या मशीनचा रूट पासवर्ड मी आधीच बदलून ठेवलेला असतो आणि त्यांनी तो न विचारता आत शिरायचं असतं. सुरू होताना ग्रबच्या पडद्यावर मशीन अडवायचं, कर्नलच्या ओळीत बदल करायचा, डिस्क लिहिण्याजोगी करून घ्यायची, नवा पासवर्ड द्यायचा आणि एसई-लिनक्सची लेबलं नव्याने लावून घेणारी रिकामी फाइल ठेवून रीबूट करायचं. ही फाइल ठेवायची राहिली की नवा पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. यावलची मुलगी आता हे सगळं कागदाकडे न बघता करते.

६.१५

परीक्षा कशी असते ते मी दर शनिवारी पुन्हा सांगते, कारण आपल्याकडची पोरं पर्याय निवडायच्या परीक्षांवर वाढलेली असतात. इथे चार पर्याय नाहीत. तीन तास, समोर चालू मशीन आणि कामांची यादी. ३०० पैकी २१० गुण मिळाले की उत्तीर्ण. तुम्ही कोणती कमांड वापरलीत हे कुणी विचारत नाही, काम झालं की नाही एवढंच तपासलं जातं, आणि तेही मशीन रीबूट झाल्यावर टिकलं असेल तरच. इंटरनेट नसतं. आणलेली वही नसते. सोबत असतात ती मशीनमध्येच असलेली मॅन पानं आणि कागदपत्रं.

७.००

आजचं काम: वेब सर्व्हर ८२ क्रमांकाच्या पोर्टवर चालवा. पॉलिटेक्निकच्या मुलाने अपाचेच्या फाइलीत ८० चे ८२ केले, सेवा पुन्हा सुरू केली, ती पडली. फायरवॉल उघडली, तरी पडली. एसई-लिनक्सने वेब सर्व्हरसाठी ठरावीक पोर्टच मोकळे ठेवलेत आणि ८२ त्यांत नाही, हे त्याला लॉग वाचून कळलं. शाबास. मग उपाय काय? हात लगेच फोनकडे गेला. फोन मी टेबलाच्या खणात ठेवायला लावते.

‘मॅन के’ आणि पुढे ‘सेमॅनेज’ टाक म्हटलं. बऱ्याच पानांची नावं आली. त्यातलं सेमॅनेज-पोर्टचं पान उघडून थेट तळाशी जायला सांगितलं. तिथे उदाहरणांत अपाचेला ८१ पोर्ट देणारी अख्खी ओळ लिहिलेली आहे. एकाच्या जागी दोन लिहिलं की प्रश्न सुटला! परीक्षेत मिळणारी मदत ही अशी असते, आणि ती शोधायची सवय घरीच लागावी लागते. नेटवर्क जोडणीच्या एनएमसीएलआयसाठी तर केवळ उदाहरणांचं वेगळं पान आहे. क्रॉनच्या पाच रकान्यांत काय लिहायचं हे क्रॉनटॅबच्या पाचव्या विभागातल्या पानावर आहे, पहिल्या विभागातल्या नाही. हा विभागांचा फरक ज्याला समजला, त्याचा निम्मा क्लास मी झाला समजते.

८.३०

निघताना डाळ मिलवाल्याने हळूच विचारलं, “ताई, एका ग्रुपवर जुने प्रश्न मिळतायत. घेऊ का?” मी नको म्हटलं. परीक्षा देताना प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार आपण मान्य करतो, आणि ते फोडून विकणाऱ्याला पैसे देणं म्हणजे त्या मोडलेल्या करारात वाटेकरी होणं. शिवाय पाठ केलेली उत्तरं घेऊन तो उद्या एखाद्या दवाखान्याच्या सर्व्हरसमोर बसणार आहे. हे मला चालत नाही.

१०.००

नोकरी. लॉगने डिस्क भरत आली होती. एलव्हीएममध्ये जागा वाढवली, फाइल सिस्टीम ताणली, जुने लॉग आवरले. सकाळच्या पोरांकडून मी हेच घोटून घेते, म्हणून दुपारी त्यांना कळवलं.

२.००

गोलाणी मार्केट. यावलच्या मुलीला जुना लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदार चांगला माणूस, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघू देतो. मी ‘एलएससीपीयू’ टाकून एव्हीएक्स२ आहे का ते पाहते. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला त्या पातळीचाच प्रोसेसर लागतो. इंटेल कोअर असेल तर चौथ्या पिढीपासून पुढचा. स्वस्तातले जुने पेंटियम, सेलेरॉन यात बसत नाहीत. आधीच जुनं यंत्र घरी असलं तरी रडायचं कारण नाही, अल्मालिनक्स १० ची जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी प्रत मिळते. आज सहाव्या पिढीचा आय५ मिळाला, आठ जीबी रॅमचा. दोन मशीन आरामात चालतील.

३.१५

धुळ्याची एसटी. पाळधी, एरंडोल, पारोळा. उन्हात शिकवायला निघालीस म्हणून शेजारच्या आजींनी त्यांच्या डब्यातला कळण्याच्या भाकरीचा तुकडा पुढे केला. तो खाऊन मी धुळ्याच्या मुलांसाठी साहित्याची यादी लिहायला घेतली.

पैसे नाहीत म्हणून अभ्यास अडला, असं या विषयात होऊ नये, यासाठी मी आग्रही आहे. रेड हॅटचं डेव्हलपर खातं फुकट उघडता येतं आणि त्यावर सोळा मशीनपर्यंत खरीखुरी प्रणाली चालवता येते. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटचं शिकण्याचं साहित्य मोफत आहे. लिनक्स फाउंडेशनचा ओळख अभ्यासक्रम २०१४ पासून एडएक्सवर फुकट शिकता येतो. आणि ज्याला इंग्रजीची धास्ती वाटते त्याने आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलपासून सुरुवात करावी: प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला हा प्रकल्प, लिनक्सचे छोटे धडे चक्क मराठीत ऐकवतो. धडा थांबवून तीच कमांड स्वतः टाकायची, मगच पुढे जायचं. साहित्य इतकं आहे की पोरं त्याच्या ढिगातच हरवतात. यादीत म्हणून मी चारच नावं ठेवते आणि क्रम लिहून देते.

६.३०

धुळ्यातलं देवपूर. सहा जण, बहुतेक दिवसभर काम करून आलेले. एक जण म्हणाला, “ताई, इंग्रजी वाचता येस, पन ध्यानमा ऱ्हात नही.” त्याला म्हटलं, ध्यानात ठेवू नकोस, कुठे लिहिलंय ते शोधायला शीक. त्याला मॅनच्या पानात तिरकी रेघ देऊन शब्द शोधायला लावलं आणि पुढचा तास त्याने एकट्याने ऑटोएफएस बसवलं.

बाकीच्यांची एफएसटॅबवर घासाघीस. नवं विभाजन, त्याचा यूयूआयडी, माउंटची जागा. एक अक्षर चुकलं तर मशीन सुरूच होत नाही, आणीबाणीच्या पडद्यावर अडकतं, आणि परीक्षेत मशीन उठलं नाही तर त्यावर केलेल्या कामाचे गुण गेले. म्हणून रीबूटआधी ‘माउंट ए’ चालवून बघायचंच. दोघांची मशीन तरीही अडकली. बरं झालं, ती कशी सोडवायची तेही आजच शिकून झालं.

८.४५

जाताना एकाने विचारलं, लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटची एलपीआयसी द्यायची की आरएचसीएसए? मी त्याला दोन्ही मोकळेपणी सांगितल्या. एलपीआयसी-१ चे दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न आणि ९० मिनिटं. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. आरएचसीएसए तीन वर्षं, पण ती हातानेच द्यावी लागते. सर्व्हरवर काम करायचं असेल तर माझं मत आरएचसीएसएला. ती घरूनही देता येते: परीक्षेची प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून लॅपटॉप तिच्यावरूनच सुरू करायचा, वायरचा वेगळा कॅमेरा जोडायचा, खोलीत दुसरं कुणी नको. मात्र धुळ्यात वीज आणि नेट दोन्ही तीन तास टिकतील, अशी जागा आधी बघून ठेव म्हटलं. त्याच्या मामाच्या ऑफिसात इन्व्हर्टर आहे. पुढच्या शनिवारी तीन तासांची सराव परीक्षा तिथेच घेणार आहोत, फोन बंद, फक्त मॅन पानं उघडी.