मधमाशीचे दुहेरी संकट

जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदरात पहाऱ्यासाठी ठेवलेल्या मधपेट्यांत व्हॅरोआ नावाचा परजीवी कोळी सापडला. हजारो मधपेट्या नष्ट करण्यात आल्या, वाहतुकीवर निर्बंध आले. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या समूळ उच्चाटनाचा प्रयत्न त्या देशाला सोडून द्यावा लागला. मोहरीच्या दाण्याएवढ्या जीवापुढे एका संपन्न राष्ट्राने हात टेकले. ही बातमी केवळ मध विकणाऱ्यांपुरती आहे असे आम्हांस वाटत नाही.

या कोळ्याची मादी, अळीच्या घरावर मेणाचे झाकण पडण्याच्या सुमारास आत शिरते आणि आतल्या कोशावर स्वतःची व पिलांची गुजराण करते. तो माशीचे रक्त शोषतो, हा जुना समज होता. मुख्यतः तो तिचा मेदपिंड खातो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. माशीची प्रतिकारशक्ती ज्या अवयवावर अवलंबून असते तोच पोखरला जातो आणि त्याच जखमेतून विषाणू थेट शरीरात उतरतात. पंख विद्रूप करणारा विषाणू त्यांत प्रमुख. एरवी तो अन्नातून वा राणीकडून संततीकडे जातो आणि बहुधा सुप्त राहतो. कोळ्याची सोबत मिळताच तो संहारक बनतो. चोराने घर फोडावे आणि मागून दरोडेखोराने शिरावे, तसा हा प्रकार आहे.

याचा पुरावा हवाई बेटांनी दिला. तेथील ओआहू बेटावर हा कोळी २००७ मध्ये आढळला. कोळी येण्यापूर्वी सुमारे १० टक्के वसाहतींत असलेला हा विषाणू, कोळी स्थिरावलेल्या भागांत जवळजवळ सर्व वसाहतींत पोहोचला. इतकेच नव्हे, तर त्याच्या अनेक प्रकारांपैकी एकच प्रकार शिरजोर झाला. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील व्यावसायिक मधपालकांनी सरासरी ६० टक्क्यांहून अधिक वसाहती गमावल्या. सरकारी शास्त्रज्ञांना मेलेल्या वसाहतींत हेच विषाणू सापडले, आणि त्यांनी तपासलेल्या कोळ्यांत अमिट्राझ या नेहमीच्या औषधाला दाद न देणारा गुणही आढळला. विषाणूवर औषध नाही आणि कोळ्यावरचे औषध बोथट झाले, अशी ही कोंडी आहे.

मग दोष कोणाचा? हा कोळी मूळचा आशियातला. आपल्या सातेरी माशीच्या कुळाशी त्याचे पुरातन नाते आहे. सातेरीच्या वसाहतीत तो प्रायः नरांच्या घरांतच वाढतो. कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरून त्याला वेचून काढतात. त्यामुळे दोघांचेही निभत आले. माणसाने युरोपीय माशी आशियात आणून तिच्याशेजारी ठेवली, कोळ्याने यजमान बदलला, आणि माणसानेच पेट्यांतून त्याला जगभर पोहोचविले.

म्हणून सातेरी निर्धास्त आहे, असे मात्र कोणी समजू नये. अळ्यांना मारणाऱ्या थाई सॅकब्रूड या विषाणूने १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती धुळीस मिळविल्या. त्याला कोळ्याचीही गरज लागली नाही.

गोव्यात व कोकणात काजू-आंब्याच्या मोहोरासाठी परप्रांतातून मधपेट्या आणण्याचा विचार जेथे होईल, तेथे आधी तपासणी व्हावी, नव्या वसाहती काही काळ वेगळ्या ठेवाव्यात, आणि कोळ्यांची मोजणी केल्यावाचून औषध वापरू नये. तेच औषध वर्षानुवर्षे वापरणे म्हणजे शत्रूला तालीम देणे होय. मधपेट्यांचे वाटप करून छायाचित्रे काढून घेण्याने कृषिखात्याचे कर्तव्य संपत नाही. मधपालकाला रोग ओळखण्याचे शिक्षण देणे हे त्याहून निकडीचे काम आहे. आपल्या डोंगरातील सातेरी टिकवून तिची जोपासना करणे हा मार्ग स्वस्तही आहे आणि शहाणपणाचाही. चार पेट्या बुडाल्याचे दुःख एकवेळ सोसता येईल. काळ सोकावता कामा नये.