एका वाफ्यावरून निष्कर्ष नको

‘अमुक फवारणीने कापूस दुप्पट आला,’ असे कोणी सांगितले, तर कला-वाणिज्यच्या विद्यार्थ्याने आधी काय विचारावे? शेजारी न फवारलेला पट्टा ठेवला होता का? परभणीत १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठातले प्रयोग याच प्रश्नावर उभे असतात. काळी जमीन एकाच शेतात कुठे खोल, कुठे उथळ. म्हणून एकच वाण अनेक वाफ्यांत पेरतात आणि वाफ्यांची जागा चिठ्ठी टाकल्यासारखी ठरवतात. नाहीतर काम जमिनीचे आणि श्रेय वाणाला! तुलना कशाशी, किती वेळा, दुसरे कारण असेल का, हे तीन प्रश्न प्रत्येक शाखेत शिकवायलाच हवेत. हे प्रश्न विचारणे म्हणजेच वैज्ञानिक दृष्टिकोन, आणि राज्यघटनेच्या कलम ५१-अ नुसार तो जोपासणे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.