भुलेच्या अंमलाखाली बालकाचे फुप्फुस

मुरूड-श्रीवर्धनकडील एखाद्या बालकाच्या पोटावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली, की आईबाप अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठतात किंवा मांडव्याहून लाँच धरून मुंबईचे इस्पितळ जवळ करतात, आणि टाके किती पडतील याची कळकळीने चौकशी करतात. परंतु भुलेच्या अंमलाखाली मुलाच्या फुप्फुसाची काय तजवीज होणार, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढून या देशात जो मार्ग खुला केला, त्यात उदर कार्बन डायऑक्साइडने फुगवावे लागते. भुलेने आधीच शिथिल झालेले श्वासपटल त्या दाबाने छातीत वर सरकते, आणि बालकाच्या फासळ्या मऊ असल्यामुळे फुप्फुसाच्या तळाकडील वायुकोश भिजलेल्या शिडाच्या पदरांप्रमाणे एकमेकांस चिकटतात. त्यातच केवळ प्राणवायू दिला, तर वायुकोशांना आतून आधार देणारा नायट्रोजन निघून जातो, आणि वाट बंद झालेल्या कोशातील प्राणवायू रक्तात शोषला जाऊन कोश रिकामा पडतो. वजनाच्या मानाने तान्ह्या मुलाची प्राणवायूची गरज प्रौढाच्या सुमारे दुप्पट असल्याने रक्तातील प्राणवायू पाहता पाहता उतरतो.

यावरील उपाय महागडा नाही, हे मला फार मोलाचे वाटते. अर्जेंटिनातील मार देल प्लाता या सागरतीरीच्या शहरात सेसिलिया अकोस्ता, खेरार्दो तुस्मान प्रभृती भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीचा शोधक मुलांच्या छातीवर ठेवून पाहिले. निरोगी फुप्फुसाची चकचकीत रेषा श्वासागणिक मागेपुढे सरकते, मिटलेला भाग मात्र यकृतासारखा घट्ट दिसतो. श्वासाचा दाब पायरीपायरीने वाढवून मिटलेले कोश उघडावेत आणि मग उच्छ्वासाच्या अखेरीसही सुमारे ८ सेंटिमीटर पाण्याइतका दाब टिकवावा, म्हणजे ते पुन्हा मिटत नाहीत, असे त्यांनी २०१८ साली दाखवून दिले. अर्थात दाब वाढविताना रक्तदाबावर नजर हवी. कारण छातीतील दाबाने हृदयाकडे परतणारे रक्त अडते. प्राणवायूचे प्रमाण जरुरीपुरतेच राखणे आणि पोटातील वायूचा दाब वयाच्या मानाने कमी ठेवणे, हीही त्याच खबरदारीची अंगे होत.

आईबापांकडेही एक जबाबदारी आहे. रजा मिळवून, खाडी ओलांडून तारीख गाठलेली असते, म्हणून मुलाची सर्दी, खोकला किंवा ताप लपविण्याचा मोह होतो. पण श्वासनलिका कफाने भरलेल्या असल्या, की वायुकोश मिटण्याचा धोका वाढतो. तेव्हा तारीख काही आठवडे पुढे गेली तरी चालेल, भूलतज्ज्ञापासून काही लपवू नका.