वाट वाकडी करून शेणव्याला!

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा काढा पाहू. एक बोट नागपूरवर ठेवा आणि दुसरं मुंबईवर. बापरे, केवढं अंतर! अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा म्हणजे काही खायचं काम नाही. पूर्वी या प्रवासाला मोटारीने सोळा-सोळा तास लागायचे. रात्रीचा मुक्काम, घाटातला खोळंबा, चहाच्या टपऱ्या आणि मागच्या सीटवरून दर अर्ध्या तासाने येणारा प्रश्न, ‘‘बाबा, अजून किती राहिलं?’’

आता तिथे समृद्धी महामार्ग झाला आहे. ७०१ किलोमीटर लांब आणि दहा जिल्ह्यांतून जाणारा. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. आता सकाळी निघालेली गाडी संध्याकाळच्या आत मुंबईजवळ पोचते. इगतपुरीपाशी तर सह्याद्रीच्या पोटातून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. डोंगर चढायचा नाही, उतरायचा नाही, सरळ आरपार!

सोय मोठीच झाली, यात शंका नाही. पण बोगद्यातून बाहेर पडल्यावर जो मुलूख लागतो, तो खिडकीतून भुर्रकन मागे जातो. हा आहे ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका. मुंबईला पोचायची घाई असेल तर इथे थांबायचं कारण नाही. पण इथे आपलं कुणी राहत असेल तर?

समजा, आत्या इथेच राहते

समजा, मे महिन्याच्या सुट्टीत एक कुटुंब नागपूरहून मुंबईला निघालंय. आई, बाबा, सातवीतली ताई आणि चौथीतला धाकटा. बाबांची बहीण खूप वर्षांपूर्वी शिक्षिका म्हणून शहापूर तालुक्यात आली आणि इथल्याच एका घरची सून झाली. तिचं गाव शेणवा. दर वेळी फोनवर ती एकच म्हणते, ‘‘अरे दादा, जाता-येता वाट वाकडी कर की जरा! मुलांना बघून किती दिवस झाले!’’

आणि या वेळी बाबा खरंच वाट वाकडी करतात. शहापूरला महामार्ग सोडायचा आणि किन्हवलीकडे जाणारा रस्ता धरायचा. सापगावचा पूल लागतो. त्याच्याखालून वाहते ती भातसा नदी. ते नाव लक्षात ठेवा बरं का, पुढे कामाला येणार आहे. मागे वळून पाहिलं तर माहुलीचे सुळके दिसतात. १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी वेढा घातला होता, तो याच गडावर. पुढे शेणवा लागतं. डोळखांबकडे जायचा रस्ताही इथूनच फुटतो.

गाडी अंगणात थांबते. आतेभाऊ धावत येतो, ‘‘मामा आले, मामा आले!’’ आत्याच्या सासूबाई ओटीवरूनच हाक देतात, ‘‘या, या. आधी बसा. पाणी घ्या.’’

आधी गूळपाणी

तुमच्या लक्षात आलंय का? आपल्याकडे पाहुणा आला की ‘कसे आहात’ नंतर विचारतात, आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात. पाय धुवायला पाणी, मग प्यायला पाणी, सोबत गुळाचा खडा. उन्हातून आलेल्या माणसाला यापेक्षा गोड काय लागणार!

धाकटा दोन घोटांत फुलपात्र संपवतो. ‘‘आणखी,’’ म्हणतो. आत्या हसून पुन्हा भरते. मग तो हात-पाय धुवायला जातो आणि घरातल्या सवयीने तांब्यावर तांबे ओततच राहतो. आतेभाऊ हळूच त्याच्या हातातला तांब्या घेतो आणि म्हणतो, ‘‘एवढं नको ना रे. विहीर आटलीय. आई लांबून आणते.’’

धाकट्याला वाटतं, हा गंमत करतोय. पण ही गंमत नाही, मुलांनो. मार्च-एप्रिल उलटला की शहापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांच्या आणि पाड्यांच्या विहिरी तळाला जातात. मग टँकरची वाट पाहायची, नाहीतर डोक्यावर हंडा-कळशी घेऊन डोंगरउतार चढायचा. एका मोठ्या हंड्यात साधारण पंधरा लीटर पाणी मावतं. आपण शहरात आंघोळीला जी मोठी बादली भरून घेतो, ती वीस लीटरची. म्हणजे आपली एक आंघोळ सव्वा हंड्याहूनही थोडी जास्त झाली. गणित करून बघा!

पाऊस भरपूर, तरी टंचाई?

ताई सातवीत असल्यामुळे भूगोलाचा प्रश्न काढते, ‘‘पण आत्या, इथे तर केवढा पाऊस पडतो!’’

तिचं खरंच आहे. नागपूरला वर्षाकाठी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. शहापूरला त्याच्या दुपटीहून जास्त, अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. मग हे पाणी जातं कुठे?

एक कारण खाली आहे, जमिनीत. इथला खडक काळा, कठीण बेसॉल्टचा. वर मातीचा थर पातळ आणि उतार मोठा. पावसाळ्यातलं पाणी मुरण्याआधीच ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला जाऊन मिळतं. चार महिने जिकडेतिकडे पाणीच पाणी, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी चार कळश्या.

दुसरं कारण तुम्हाला नकाशात सापडेल. मुंबईला पाणी देणारी मोठमोठी धरणं याच डोंगराळ मुलखात आहेत. तानसा धरण १८९२ सालचं, सव्वाशेहून अधिक वर्षांचं. वैतरणा नदीवरचा मोडकसागर १९५७ सालचा. मध्य वैतरणा २०१४ सालचं. आणि सगळ्यांत जास्त पाणी देणारं, सापगावच्या पुलाखालून वाहणाऱ्या त्या नदीवरचं भातसा धरण! मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लीटर पाणी मिळतं. त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं.

म्हणजे बघा, मुंबईतल्या नळाला येणारं पाणी निघतं शेणव्याच्या शेजारपाजारच्या डोंगरांतून. ते उताराने आणि मोठ्या जलवाहिन्यांतून शहराकडे जातं. पण धरणापेक्षा उंचावर वसलेल्या पाड्यावर ते आपोआप चढत नाही. त्यासाठी पंप हवेत, टाक्या हव्यात, पाइप हवेत आणि हे सगळं करण्याची इच्छाही हवी. इगतपुरीजवळच्या भावली धरणातून शहापूरच्या गावपाड्यांना नळाने पाणी आणायची योजना हाती घेण्यात आली आहे. ते पाणी उंचावरून खाली येणार, म्हणून त्याला पंपाचा खर्च कमी.

‘‘मग मुंबईला पाणी द्यायचंच नाही का?’’ धाकटा विचारतो.

आजी म्हणतात, ‘‘द्यायचं की! तहानलेल्याला नाही कसं म्हणणार? पण वाढणाऱ्याचं ताट रिकामं राहू नये, एवढंच.’’

ओटीवरची दुपार

जेवणात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेल्या सुकटीची चटणी. नागपूरकर मंडळी सुकटीकडे आधी जरा संशयानेच बघतात. मग ताई दुसऱ्यांदा मागून घेते. वाल कुठून आले? आतोबा सांगतात, भातकापणी झाली की शेतात उरलेल्या ओलाव्यावरच वाल पेरतात. वेगळं पाणी द्यावं लागत नाही. ज्या मुलखात उन्हाळ्यात पाणी नाही, तिथे कुठलं पीक घ्यायचं हे लोकांना नेमकं ठाऊक असतं.

दुपारी कुणालाच काही काम नसतं, असं निदान मुलांना वाटतं. मोठी माणसं ओटीवर आडवी होऊन गप्पा मारतात. ‘दादा, आठवतं का’ने सुरू झालेल्या गोष्टी संपता संपत नाहीत. बाबा लहानपणी भित्रे होते, ही मौल्यवान माहिती मुलांना इथेच मिळते. आई म्हणते, ‘‘गाडीत आठ तास शेजारी बसून जेवढं बोललो नाही, तेवढं इथे दोन तासांत बोललो.’’

ऊन कलल्यावर आतेभाऊ दोघांना शेताकडे नेतो. एका कोपऱ्यात जमीन काळी पडलेली. ‘‘इथे आग लागली होती?’’ ‘‘नाही, राब भाजलाय!’’ पाला-पाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळायचं आणि त्या राखेच्या जागी पावसाच्या तोंडावर भाताचं बी पेरायचं. रोपं जोमदार येतात, तण कमी उगवतं. येताना काट्यांतून हात घालून करवंदं तोडायची. चीक लागून बोटं चिकटतात, ओठ जांभळे होतात. घरी आजी आगोटीच्या तयारीत असतात. पावसाआधी सरपण, गोवऱ्या, सुकी मासळी, डाळी सगळं आत रचून ठेवायचं, त्याला म्हणतात आगोट.

दोन हजार वर्षांपूर्वीचे वाटसरू

याच मुलखातून माणसं फार पूर्वीपासून लांबच्या प्रवासाला जात आहेत. शेणव्याहून किन्हवली आणि सरळगाव करत मुरबाड तालुक्यात शिरलं की कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता लागतो. त्या रस्त्यावरच्या वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची चढण सुरू होते. सातवाहनांच्या काळात सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतला माल या घाटाने जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा. घाटाच्या तोंडाशी एक लेणं आहे. त्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यातले आकडे भारतातल्या फार जुन्या आकड्यांपैकी आहेत. वर एक दगडी रांजण आहे. त्यात व्यापारी जकातीची नाणी टाकत, असं सांगतात.

पण आपल्या गोष्टीतली खरी महत्त्वाची वस्तू वेगळीच आहे. लेण्याजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी! घाट चढून दमलेल्या वाटसरूला आधी पाणी मिळावं, म्हणून कुणीतरी छिन्नी-हातोड्याने खडक फोडला. ओटीवरच्या आजींचा तांब्या आणि ती टाकी, दोन्हींमागचा विचार एकच. फरक एवढाच की, आजींना तो तांब्या लांबून आणून भरावा लागतो.

तुम्हीही करून बघा

मित्रांनो, या सुट्टीत तुम्हीही लांबच्या प्रवासाला निघाल, तेव्हा आईबाबांना विचारा, ‘वाटेत आपलं कोण राहतं?’ आणि तिथे थांबलात तर एवढं करा :

● आदल्या दिवशी फोन करून कळवा. पाहुणे किती आणि केव्हा येणार हे कळलं की पाण्याची आणि जेवणाची सोय करणं सोपं जातं.

● घरात पाणी कुठून येतं ते विचारा. विहीर, नळ, टँकर की नदी? शक्य असेल तर भरायला सोबत जा आणि एक कळशी तुम्ही उचला.

● ताटात वाढलेल्या एका पदार्थाची गोष्ट विचारा. तो कुठे पिकला, कुणी पेरला?

● घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाजवळ अर्धा तास बसा. मोबाइल पिशवीत.

● आणि निघताना पुढच्या प्रवासासाठी बाटल्या भरून घ्यायच्या असतील, तर आधी विचारा. आत्या ‘घ्या रे, घ्या!’ असंच म्हणेल. तरीही विचारा.