नळी बदलली, बंदूक तीच

एक किलो शिसे वितळवून ०.५० इंच कॅलिबरच्या रायफलीसाठी गोल गोळ्या ओतल्या, तर साधारण ८७ निघतात. तेवढ्याच शिशात ०.३२ इंच कॅलिबरच्या सुमारे ३४५ होतात. व्यास एकतृतीयांशाहून थोडा जास्त घटला की वजन जवळपास एकचतुर्थांशावर येते, कारण गोळीचे वजन व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. ठासणीच्या रायफलीला लहान कॅलिबरची नळी का बसवतात, याचे पहिले उत्तर या हिशोबात आहे.

ठासणीची बंदूक कोकणाला नवी नाही. शेताच्या राखणीसाठी परवाना घेऊन ती आजही बाळगली जाते. नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग गोळी किंवा छर्रे गजाने ठासायचे, हे तिथल्या जुन्या माणसांना चांगले ठाऊक असते. पण आपल्याकडच्या या बंदुकांची नळी बहुधा आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत पेचदार खाचा असतात. तेल किंवा चरबी लावलेल्या कापडी चकतीत गुंडाळलेली गोळी त्या खाचांमुळे फिरत बाहेर पडते आणि नेम साधते. या रायफलीची खरी जोपासना अमेरिकेत झाली, आणि नळी बदलण्याची कहाणीही तिथलीच आहे.

जंगल घटले, तोंड लहान झाले

अठराव्या शतकात जर्मन कारागीर पेनसिल्व्हेनियात आले, तेव्हा त्यांच्याकडे आखूड आणि मोठ्या तोंडाची ‘येगर’ रायफल होती. लँकेस्टरच्या परिसरात तिची नळी लांबत गेली आणि कॅलिबर लहान होत गेले. दारू आणि शिसे दोन्ही विकत घेऊन पाठीवर वाहावे लागत होते. पुढे पूर्वेकडच्या जंगलांतून मोठी जनावरे संपत गेली. ॲपलेशियन डोंगरांतल्या घरांना खारी आणि पक्षी मारण्यापुरती बंदूक पुरेशी होऊ लागली, आणि एकोणिसाव्या शतकात ०.३२ ते ०.३६ इंचाच्या रायफली तिथे रुळल्या. खारीवर ०.५० ची गोळी झाडली, तर शिजवायला मांस उरत नाही.

नळीचा स्वभाव मात्र नेमका उलटा आहे. वापराने आणि गंजाने खाचा बोथट झाल्या की बंदूकगार त्या पुन्हा कोरून खोल करत. दर कोरणीला भोक थोडे मोठे होई आणि गोळीचा साचाही नवा लागे. एकाच रायफलीचे कॅलिबर तिच्या आयुष्यात असे वाढत जाई. ते कमी करायचे तर आत नवे अस्तर घालावे लागते किंवा नळीच बदलावी लागते. लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती वळवायची, सांधा ठोकून जोडायचा, भोक सरळ करायचे आणि मग एकेक खाच कोरायची, असे नळीचे काम असे. वॉलेस गसलर या कारागिराने विल्यम्सबर्गमध्ये जुन्या पद्धतीने अख्खी रायफल हाताने घडवली. १९६९ च्या एका माहितीपटात ते काम टिपले आहे. ते पाहिले की लोक जुन्याच नळीला का जपत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आकड्याची करामत

नळी बदलणे सोपे झाले ते एका आकड्यामुळे. सेंट लुईसचे जेकब आणि सॅम्युअल हॉकेन हे भाऊ पश्चिमेकडच्या डोंगरांत जाणाऱ्या शिकाऱ्यांसाठी दणकट रायफली बनवत. त्यांच्या नळीच्या बुडाला आकडा असे आणि तो दस्त्यावर पक्क्या बसवलेल्या लोखंडी तुकड्यात अडके. पुढे आडव्या पाचरी नळीला लाकडाशी धरून ठेवत. पाचरी काढल्या की नळी वर उचलून सोडवता येई. याचा फायदा सफाईत होई. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राख म्हणून उरतो. ती राख हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड खाते. सुट्या नळीचे बूड गरम पाण्यात बुडवून धुता येते, आणि लाकूड कोरडे राहते.

१९७० मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या थॉम्पसन सेंटर कंपनीने ‘हॉकेन’ नावाची नवी रायफल बाजारात आणली. ०.४५ आणि ०.५० या तिच्या दोन्ही कॅलिबरांच्या अष्टकोनी नळ्यांची बाहेरची जाडी एकच होती, १५/१६ इंच. आत भोक कितीही असो, बाहेरचे माप जुळले की नळी त्याच लाकडात बसते. पुढे इतर नळीकारांनीही या रायफलीसाठी तयार नळ्या बनवल्या, त्यांत ०.३२ आणि ०.३६ च्याही आल्या.

बसणे आणि जुळणे

नळी खाचेत बसली म्हणजे काम झाले, असे नाही. आधी जुनी नळी रिकामी आहे ना, हे गज आत घालून, त्याची खोली बाहेरून मोजून पाहायचे. मग गज आणि पाचरी काढायच्या. नव्या नळीचा आकडा हलला तर नेम दर बारीला सरकतो. तो फार घट्ट असेल तर कानशीने अगदी थोडे घासायचे, कारण काढलेले लोखंड परत लावता येत नाही. घोडा निपलवर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी जिच्यावर बसते त्या बोंडीवर, मध्यभागी आणि सपाट पडला पाहिजे. तिरका पडला तर टोपी फुटत नाही, किंवा तिचे तुकडे उडतात. ३/८ इंचाचा जुना गज ०.३६ च्या भोकात शिरतच नाही, तेव्हा बारीक गज हवा आणि त्याला धरणाऱ्या कड्याही लहान हव्यात. नेमाची माशी नव्याने जुळवावी लागते, ती वेगळीच.

सर्वांत मोठे आश्चर्य वजनाचे. बाहेरचे माप तेच आणि भोक लहान, म्हणजे पोलाद जास्त. ०.५० च्या नळीची भिंत साडेपाच मिलिमीटर, तर ०.३२ ची जवळपास आठ. २८ इंच लांबीत हा फरक सुमारे ४०० ग्रॅम होतो. खारीसाठी आणलेली बंदूक हरणाच्या बंदुकीपेक्षा जड निघते आणि तोंडाकडे झुकते. उभ्याने टेकूशिवाय नेम धरणाऱ्याला हे वजन स्थिर ठेवते आणि धक्का तर जाणवतही नाही. पण दिवसभर डोंगर चढणाऱ्याला ते नकोसे होते. म्हणूनच जुने कारागीर लहान कॅलिबरला बारीक अष्टकोन देत. तयार नळी ही सोय देते, पण तो तोल देत नाही.

आपल्याकडे हा प्रयोग घरी करण्याचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे भागही शस्त्रातच मोडतात, आणि दुरुस्ती किंवा रूपांतराचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. हा कायदा मला योग्य वाटतो. आकड्याने जोडलेली नळी सहज निघते, पण तिच्यात कोंडलेला दाब तितकाच खरा असतो.

एका दस्त्याला दोन नळ्या असल्या की धोका मापाचा असतो. ०.५० च्या मापाची दारू सवयीने ०.३२ च्या नळीत गेली, तर ती कितीतरी पट जास्त भरते. म्हणून दर नळीची थैली वेगळी हवी: तिचे माप, तिचा साचा, तिच्या चकत्या, तिचा गज. गरजेपुरतीच ताकद वापरायची म्हणून माणसाने तोंड लहान केले. ती शिस्त माप भरणाऱ्या हातात नसेल, तर नवी नळी बसवण्यात काही अर्थ नाही.